दत्ता, कप खाली ठेवायचा होतास

दत्ता, परवा तुझ्या गेटाशी गाडी उभी केली आणि हॉर्न न वाजवता बसून राहिलो. गेट सताड उघडं होतं. आत कुणी दिसत नव्हतं. तरी बसून राहिलो, कारण तूच शिकवलं होतंस की गेट उघडं असलं म्हणजे कुणी 'या' म्हटलंय असं होत नाही. गाडी थांबवायची, काच खाली करायची आणि आतून माणूस येईपर्यंत वाट पाहायची. मी वाट पाहिली. घामाघूम झालो. मनातल्या मनात तुला दोन शिव्या घातल्या. आणि मग लक्षात आलं, की जो माणूस येऊन गाडीच्या टपावर थाप मारून 'ये रे नाशिककर' म्हणायचा, त्याला गेल्या महिन्यात मीच पेटीत घालून विमानाने घरी पाठवला आहे.

लाख माणूस गेला, असं सगळे म्हणतायत. म्हणू देत. मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्धवट आहे आणि तू मधेच उठून गेलास. हरायला लागलं की उठायची तुझी सवय दोहातल्या नजमा भागातल्या त्या खोलीपासूनची.

ती खोली आठवते? एकावर एक पलंग, खाली केरळी माणसाचं कॅफेटेरिया, पराठ्याचा वास थेट उशीत. मी वेस्ट बेमधल्या एका ऑफिसात ड्राफ्ट्समन, दिवसभर नकाशे काढणारा. तू परभणीकडचा, अबू सालेमच्या ट्रान्सपोर्टच्या दुकानात ड्रायव्हर. वर्ल्ड कप कतारला मिळाल्याची बातमी आली त्या संध्याकाळी रस्त्यावर पोरं गाड्यांच्या टपांवर चढून नाचत होती. अख्खी नजमा हॉर्न वाजवत होती. तू खिडकीत उभा राहून म्हणालास, "आता इथं लई रस्ते व्हतील. लई गाड्या लागतील. सुनंदाला आणता येईल."

तुझं सगळं गणित तिथेच येऊन थांबायचं. खोलीतल्या बाकीच्यांना घर बांधायचं होतं, ट्रॅक्टर घ्यायचा होता, बहिणीचं लग्न करायचं होतं. तुला फक्त बायको इथे आणायची होती. "मी जिथं राहतो ती जागा तिनं एकदा तरी बघाया पायजे," म्हणायचास. "मी फोनवर काय सांगतो अन् तिला तिकडं काय दिसतं, देव जाणे." मी हसायचो. नवी मुंबईसुद्धा न पाहिलेल्या बाईला वाळवंट कशाला दाखवतोस, असंही एकदा म्हणालो होतो. तू माझ्याशी दोन दिवस बोलला नाहीस.

अबू सालेम, ज्याला तू बाबा म्हणायचास, तो तुझा कफील. ज्याच्या नावावर आपला व्हिसा तो कफील, आणि त्याने रिलीज दिल्याशिवाय दुसरीकडे नोकरी नाही, असा तेव्हाचा इथला कायदा. माणूस वाईट नव्हता. पगार वेळेवर द्यायचा, सुट्टी मागितली की तिकीट काढून द्यायचा, ईदला तुझ्यासाठी आठवणीने बिनमटणाचा भात करवून घ्यायचा. वाईट असता तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं. वाईट माणसाकडून सुटायला लाज वाटत नाही. एका हिवाळ्यात तो तुला उत्तरेकडच्या त्याच्या शेतावर घेऊन गेला. ससाणे उडवून शिकार करायचा सीझन होता. "सीझनपुरतं," म्हणाला. सीझन संपला आणि तू तिथेच राहिलास. अजूनही कुणी 'एवढ्यापुरतं' म्हटलं की मी तारीख विचारतो.

शेत म्हणायचं आपलं. तारेचं कुंपण घातलेलं वाळवंटच ते. मध्ये खजुरीच्या ओळी, एक विहीर, उंटांचा गोठा, पाहुण्यांना बसवायची मजलिस आणि सगळ्यात मागे तुझी पत्र्याची पोर्टाकेबिन. पहिल्यांदा आलो त्या शुक्रवारी माझा जीव गुदमरला. चारी बाजूंना नजर पोहोचेल तिथवर सपाट, डोक्यावर एवढं थोरलं आभाळ, आणि तरी कोंडून घातल्यासारखं वाटत होतं. जवळचा रस्तासुद्धा दिसत नव्हता. "इथे कसा राहतोस रे?" मी विचारलं. तू म्हणालास, "राहतो का? ठेवलाय." आणि लगेच हसलास, मला वाईट वाटू नये म्हणून.

मग तू तिथल्या रितीभातींच्या प्रेमात पडलास. मला वाटतं, माणसाला कुंपणात ठेवलं की तो एक तर कुंपणाला लाथा घालतो, नाहीतर त्याचा पहारेकरी होतो. तू पहारेकरी झालास, आणि काय कडक झालास! जन्मात अंडं न खाल्लेला तू शिकारीचे कायदेकानू सांगायला बसलास की ऐकत राहावं. आलेल्या पाहुण्याने गेट जसं असेल तसं ठेवायचं, उघडं तर उघडं, बंद तर बंद. पावसाचं पाणी साचून जिथे चार हिरव्या काड्या उगवतात त्या खोलगट जागेत गाडी घालायची नाही. पहिला ससाणा उडवायचा मान वयाने मोठ्या पाहुण्याचा, यजमानाचा सगळ्यात शेवटी. दुसऱ्याच्या पाखराला हाक मारायची नाही. पाखरू सावजावर बसलं की धावत जाऊन उभं राहायचं नाही, त्याला त्याचा घास खाऊ द्यायचा. आणि शिकार तुझ्या पाखराने केली असली तरी ती तुझी नाही. जमीन ज्याची, तो मान हलवेल तेव्हा उचलायची.

"ही शिकार आहे की सोवळं?" मी चिडवायचो.

"सोवळंच म्हन. जमीन दुसऱ्याची, पाखरू देवाचं. मधी आपन कोन?"

"आपण ड्रायव्हर," मी म्हणायचो.

मला त्या खेळातलं मर्म कधी कळलं नाही. माळढोकाच्या जातीचा तो हुबारा, पाळून, विकत आणून सोडलेला. त्याच्यामागे ससाणा, ससाण्यामागे धुरळा उडवत पळणाऱ्या भल्यामोठ्या गाड्या. त्या मुक्या पाखराच्या बाजूने बोलणारं तिथे कुणी नव्हतं, आणि माणसांनी एकमेकांशी कसं वागायचं याचे मात्र शंभर नियम. मी हे म्हटलं की तू उठून उंटांना पाणी दाखवायला जायचास. हरायला लागला होतास ना.

पण एक रीत मलाही आवडली होती, कबूल करतो. मजलिशीत कान नसलेल्या छोट्या कपातून कॉफी देतात ना, तिची. कप हलवून परत दिला की पुरे, नाहीतर ओतत राहतात, हे मला ठाऊक होतं. पुढचं तू सांगितलंस. पाहुण्याला काही मागायचं असेल तर तो आपणहून तोंड उघडत नाही. कप घेतो आणि न पिता समोर खाली ठेवतो. यजमान काय ते समजतो आणि विचारतो, काय काम काढलंत? 'पी, तुझं काम झालं' असं तो म्हणेपर्यंत पाहुणा कपाला हात लावत नाही. कॉफी तशीच थंड झाली तर यजमानाची अब्रू गेली.

"काय झकास रीत हाय रे," तू म्हणाला होतास. "मागायची लाजच ठेवली न्हाई."

मग ती नोकरी आली. स्टेडियमची कामं जोरात होती, मजुरांच्या बसगाड्या रात्रंदिवस धावत होत्या, आणि आमच्या ओळखीच्या एका कंपनीला गाड्यांवर देखरेख करणारा माणूस हवा होता. मी तुझं नाव दिलं. पगार बरा होता, पण खरी गोष्ट वेगळीच होती. त्या हुद्द्यावर बायकोचा व्हिसा मिळत होता. तुला फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी तू नजमातल्या दुकानातून डबलबेडची गादी घेऊन आलास. खोली मिळायची होती, व्हिसा मिळायचा होता, अबू सालेमची सही मिळायची होती, आणि हा माणूस गादी घेऊन मोकळा. प्लॅस्टिकसकट ती पोर्टाकेबिनच्या भिंतीला उभी करून ठेवलीस.

राहिली होती फक्त सही. "शुक्रवारी मागतो," तू म्हणालास. "शिकार झाली की बाबा खुशीत असतोय." मी मुद्दाम आलो. तुझ्या मागे उभा राहायला आलो होतो मी, दत्ता.

त्या दुपारी काय झालं ते तुला सांगायची गरज नाही, पण मला एकदा पुन्हा सांगू दे. अबू सालेमच्या ससाण्यांतली ती जुनी मादी, त्यांच्या भाषेत शाहीन, जिला तू चोरून आक्का म्हणायचास, हुबाऱ्यामागे सुटली आणि कुंपण ओलांडून शेजाऱ्याच्या जमिनीत उतरली. नेमका तो शेजारी! विहिरीवरून त्याचं आणि अबू सालेमचं बोलणं बंद होतं. तार एका जागी पडली होती. अबू सालेमच्या पुतण्याने तिथून लँड क्रूझर घालायला घेतली आणि तू गाडीसमोर जाऊन उभा राहिलास. पंधरा हातांवर ते धूड घुरघुरत होतं आणि तू दोन्ही हात पसरून उभा. "पाखरू हमारा है, जमीन उसका है," तू म्हणालास. "पाखरू तारेपरसे जाएगा. आदमी गेटसे जाएगा."

पुतण्या भडकला. मला वाटलं, गेली नोकरी, गेलं रिलीज, सगळंच गेलं. अबू सालेम मात्र पडलेल्या तारेकडे बघत होता. त्याला स्वतःला त्या गेटावर जाता येत नव्हतं. पुतण्याला पाठवता येत नव्हतं. आणि पाखरू तर त्याचा जीव की प्राण. तोही त्याच्या जागी अडकलाच होता. शेवटी तूच निघालास, लांबचा वळसा घालून, चालत. गाडीसुद्धा घेतली नाहीस, म्हणे गाडीने गेलं की हुकूम घेऊन आल्यासारखं दिसतं.

ऊन उतरलं तेव्हा तू परत आलास. हातावर आक्का आणि दुसऱ्या हातात हुबारा. शेजाऱ्याने दोन्ही दिलं होतं. तुला धाप लागली होती, पण चेहरा असा फुललेला, की तसा मी नंतर पुन्हा पाहिला नाही. "गेटावर थांबलो," तू सगळ्यांदेखत सांगितलंस. "म्हाताऱ्यानं आत बोलवलं. कॉफी दिली. म्या कप खाली ठेवला. म्हातारा हसायला लागला. म्हनला, पी, ले जाव तेरा शाहीन." सगळी मजलिस हसली. अबू सालेमने डोळे पुसले, मी पाहिलंय. मग त्याने तुला आपल्याशेजारी बसवलं, स्वतःच्या हाताने कॉफी ओतली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "दत्ता, बोलो. क्या मंगता?"

त्या क्षणासाठी मी नजमातून आलो होतो. त्या क्षणासाठी तुझ्या केबिनीत गादी उभी होती.

आणि तू म्हणालास, "कुछ नहीं बाबा. आपकी दुआ."

आणि कॉफी पिऊन टाकलीस.

मी तुला परत जाताना गेटापाशी धरला. आठवतंय? मी ओरडत होतो. "अरे गाढवा, तो विचारत होता!" तू शांत होतास. मला अजून कळत नाही एवढा शांत कसा. "पहिल्याच बारीला कोन हो म्हनतंय?" तू म्हणालास. "चार लोकांत हावरटावानी दिसतंय ते. त्यो परत विचारील की. तवा सांगतो."

यात तुझी चूक नव्हती असं म्हणत नाही, पण ही चूक करायला आपल्याच मातीतला माणूस लागतो. आपण सगळे तसेच. पाटावर बसलेला माणूस उपाशी असला तरी पहिल्यांदा 'नको' म्हणतो, दुसऱ्यांदा 'अहो, खरंच नको' म्हणतो, तिसऱ्यांदा पानावर हात आडवा धरतो आणि त्या हाताच्या फटीतून जिलबी पानात पडते. त्याशिवाय आपलं पोट भरत नाही. आग्रह करणारा नसेल तर आपण उपाशी उठतो, आणि घरी येऊन त्याच्या नावाने बोटं मोडतो. तू त्या मजलिशीत आग्रहाची वाट पाहत बसला होतास, दत्ता. जिथे कप खाली ठेवायची इतकी सोपी रीत होती, आणि ती तासाभरापूर्वी तूच वापरली होतीस!

मी तेच म्हणालो. पाखरासाठी कप खाली ठेवलास, मग स्वतःसाठी का नाही?

"पाखरासाठी गेलो तवा बाबाचा मानूस म्हनून गेलो व्हतो," तू म्हणालास. "त्या घरी म्या पाव्हना. हितं म्या पाव्हना हाय का?"

मी गाडीत बसलो आणि दार आपटलं.

पुढच्या शुक्रवारी त्याने विचारलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तू उन्हाळ्यापर्यंत वाट पाहिलीस. शिकार चांगली झाली की तू कॉफी घेऊन मुद्दाम त्याच्याजवळ रेंगाळायचास, हे मला नंतर तूच सांगितलंस, आणि ते सांगताना हसत होतास. कंपनीने दुसरा माणूस घेतला. मी म्हणत होतो की आता तूच तोंड उघड, सरळ माग. तू म्हणायचास, एकदा 'कुछ नहीं' म्हटल्यावर कुठल्या तोंडाने मागू, शब्द फिरवल्यासारखं होईल. मी तुझ्यावर एवढा चिडलो होतो की त्या वर्षी दिवाळीचा फराळसुद्धा तुला दुसऱ्याच्या हाती पाठवला.

दिवस गेले. माझं लग्न झालं, मदिनत खलीफा भागात घर घेतलं, मुलगी झाली. दोहाचा चेहराच बदलला. जमिनीखालून मेट्रो आली, स्टेडियम उभी राहिली, ओळखीचे रस्ते सापडेनासे झाले. तू महिन्या-दोन महिन्यांनी यायचास. शेताच्या कोपऱ्यात लावलेली मेथी आणायचास, आंबाडी आणायचास, आमच्या सईला मांडीवर घेऊन बसायचास. ती तुझ्याशी इंग्रजीत बोलायची, तू तिच्याशी परभणीच्या बोलीत, आणि तुमचं झकास जमायचं. तुझ्याएवढी ताजी भाजी या शहरात मला कुणी खाऊ घातली नाही, आणि माझा राग इतक्या निमूटपणे सोसणारंही दुसरं कुणी नव्हतं. हे तुला तेव्हा सांगायला हवं होतं.

आणि मग कायदाच बदलला. आता नोकरी बदलायला कफीलचं रिलीज नको. मी बातमी वाचली आणि तडक गाडी काढून शेतावर आलो. तू कुंपणाची तार ओढत होतास. मी सांगितलं तर हात न थांबवता म्हणालास, "मंजी आता बाबाला न विचारता जायचं? तारेतून?"

"तारेतून नाही रे! तार काढलीय. गेट काढलंय सरकारने!"

"गेट उघडं असलं तरी थांबायचं असतंय, नाशिककर."

मी तिथल्या तिथे वाळूत बसलो. तुला हलवावं, थोबाडीत मारावी, काय करावं सुचेना. तुझ्याभोवतीची तार कधीच निघाली होती, पण तू ती आत घेऊन बसला होतास. तेच आपलं शेवटचं भांडण. तू म्हणालास, "बघू, वर्ल्ड कप हू दे." आणि पाणी दाखवायला उठून गेलास. मी तसाच निघून आलो. वाटलं होतं, पुढच्या वेळी पटवू.

पुढची वेळ आली नाही. वेस्ट बेच्या टॉवरांवर खेळाडूंचे एवढे मोठे फोटो लागले होते, सगळं शहर पाहुण्यांच्या स्वागताला नटत होतं, आणि तू सकाळी विहिरीपाशी खाली बसलास तो उठलाच नाहीस. डॉक्टर म्हणाले, हार्ट. मी म्हणतो, असेल.

घरी मी सईला सगळं सांगत बसलो. कुणाला तरी सांगायला हवं होतं. गादी, कॉफी, रिलीज, सगळं. ती ऐकून म्हणाली, "बट बाबा, व्हाय डिडन्ट ही जस्ट आस्क?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुला नाही कळायचं ते." मला वाटलं, आम्हाला तरी कुठे कळलंय.

सुनंदावहिनींचा फोन तुझे दिवस झाल्यावर आला. तुझं सामान कसं पाठवू, मी विचारलं.

"सामान नगं, भाऊजी," त्या म्हणाल्या. रडत नव्हत्या. "ते म्हनायचे, तुला जागा दाखवायची हाय. मला तेवढी दाखवा. एकदाच. ते कुटं झोपायचे, कुटं पानी प्यायचे, तेवढंच बघून येते."

मी 'बघतो' म्हणालो. बघणार काय, कपाळ! मी नात्याचा ना गोत्याचा, माझ्या नावावर त्यांना व्हिसा मिळत नाही. इथल्या कुणीतरी बोलवायला हवं. फोन ठेवल्यावर मला तुझाच राग आला. सगळं आयुष्य जे एक वाक्य तू बोलला नाहीस ते आता माझ्या गळ्यात टाकून गेलास.

म्हणून परवा आलो. गेटाशी थांबलो. बऱ्याच वेळाने अबू सालेमच काठी टेकत आला. खूप म्हातारा झालाय, दत्ता, की तू असताना ते माझ्या लक्षात आलं नव्हतं, कोण जाणे. आधी तुझी केबिन दाखवली. तुझे दोन शर्ट खुंटीला होते. गादी होती. भिंतीला तशीच उभी, प्लॅस्टिक पिवळं पडलेलं. मी तिच्याकडे पाठ करून उभा राहिलो.

मग मजलिशीत बसलो. आक्का कोपऱ्यातल्या दांडीवर होती, डोळ्यांवर टोपी. अबू सालेम आपणहून बोलायला लागला. "वो दिन याद है? शाहीन वाला दिन?" मी मान हलवली. "मेरे को मालूम था. वो कंपनीवाला मेरे को फोन किया था. मैं सोचा, दत्ता रिलीज मंगेगा. मैं दिल में बोला, खलास, दे देगा. सबके सामने पूछा. वो बोला कुछ नहीं. कॉफी भी पी लिया." तो थांबला. "मैं बहुत खुश हुआ. सोचा, मेरे पास रहना मंगता."

"फिर दुबारा क्यों नहीं पूछा, बाबा?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी गेट न विचारता उघडलं होतं. "आदमी बोलता है कुछ नहीं चाहिए. फिर भी मैं पूछेगा, तो मतलब क्या? मतलब, तुम जाओ. मैं उसको कैसे बोलेगा, जाओ?"

ऐकतोयस का? तो तुझा मान राखत होता. तू त्याचा मान राखत होतास. दोन सभ्य माणसांनी एकमेकांचा मान राखला आणि परभणीत एक बाई तशीच बसून राहिली. मला मोठ्याने रडावंसं वाटलं, आणि तुम्हा दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली. कोणतं जास्त, सांगता येत नाही.

मग त्याने विचारलं. अगदी त्याच शब्दांत विचारलं. "तुम बोलो. कुछ मंगता?"

आणि दत्ता, तुझी शपथ, माझ्या तोंडून निघून गेलं, "नहीं बाबा. शुक्रन."

इतकी वर्षं तुला शिव्या घातल्या, आणि मीही तोच. त्याच पंगतीत वाढलेला. त्याने मान हलवली, बरं म्हणाला. संपलं. तो आता पुन्हा विचारणार नव्हता, हे मला त्या खोलीत तुझ्याएवढंच ठाऊक होतं. त्याने कॉफी ओतली. कप माझ्यापुढे धरला. मी घेतला. तो हलवून परत देणं किती सोपं होतं! उठायचं, गाडीत बसायचं, गेट जसं होतं तसं ठेवून निघायचं, आणि वहिनींना सांगायचं की जमलं नाही.

मी कप खाली ठेवला.

अबू सालेमने कपाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा कपाकडे. मला वाटतं, त्याला तू दिसलास. "बोलो," तो म्हणाला.

"दत्ताची बायको," मी म्हणालो. "तिला ही जागा बघायचीय." मी मराठीत बोललो होतो, ते नंतर कळलं. मग हिंदीत सांगितलं. तू कुठे झोपायचास, कुठे पाणी प्यायचास, तेवढंच बघून जाईल.

"मॅच खलास होने दो," तो म्हणाला. "ठंडी में आएगी. मेरे नाम पर आएगी. इधर, मेरे घर के औरतों के साथ रहेगी." आणि कपाकडे बोट दाखवलं. "पी. तेरा काम हो गया."

मी कप उचलला. कॉफी अजून गरम होती, दत्ता.